न फोडलेली चार पत्रं

वाशी,
२५ ऑगस्ट २०२४

ती. पुतळाआत्यास,
जागृतीचा सा. न. वि. वि.

तुझं गुरुपौर्णिमेचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर केला म्हणून तू पाच गुण कापणार हे ठाऊक आहे, कापून टाक. आत्याला सरळ फोन का करत नाहीस, असं ऋषी दर वेळी विचारतो. मी त्याला सांगते, फोनवर आत्याला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं ती स्वतःच्या मनाने भरते. पत्रात ती सोय नाही.

आता कामाचं. रबाळ्याच्या आमच्या कंपनीत ट्रकचं वजन करायचे काटे बनतात हे तुझं मोऱ्यात सगळ्यांना सांगून झालेलं आहे. तशाच सामानातून मी वर्षभर खपून सहा मीटर लांबीची एक पट्टी बनवली. तिच्यावरून माणूस अनवाणी चालला की कुठलं पाऊल कुठे पडलं, त्यावर किती भार आला, टाच आधी टेकली की चवडा, हे सगळं कागदावर उमटतं. आम्ही तिला चालपट्टी म्हणतो. इथल्या एका हॉस्पिटलात मेंदूच्या आजारांच्या डॉक्टर आहेत, वैदेही मॅडम, त्यांना ती हवी होती. तोल जाण्याचा एक आजार आहे म्हणे. घराण्यातून उतरतो. पस्तिशी-चाळिशीत पाय लटपटतात, मग जीभ जड होते, हाताला वळण राहत नाही. त्यांच्याबरोबर श्यामसुंदर सर आहेत. ते गावोगावच्या लोकांचं रक्त तपासून कुठलं घराणं कुठल्या घराण्याला मागे जाऊन मिळतं ते शोधतात. इंजिनिअर, डॉक्टर आणि हे पिढ्या मोजणारे गृहस्थ, असं आमचं तिघांचं विचित्र बिऱ्हाड आहे.

गेल्या मंगळवारी पहिला पेशंट पट्टीवरून चालला. उरणकडचाच, मिठागरात राबलेला. मी कॉम्प्युटरकडे बघायचं सोडून त्याच्या पायांकडे बघत बसले. दोन पायांत हातभर अंतर. पाऊल उचललं की ते क्षणभर हवेतच अडायचं आणि मग धपकन पडायचं. आत्या, ते बाबांचं चालणं होतं. माझी शाळा सुटताना बाबा समोरून असेच यायचे आणि मी मैत्रिणीला ओढून रस्ता ओलांडायचे. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

मॅडमना म्हटलं, माझे वडीलही असेच चालायचे, पण ते प्यायचे. त्यांनी विचारलं, पिताना कोणी पाहिलं होतं का. मी तर कधीच पाहिलं नव्हतं. आई असती तर तिला विचारलं असतं. आता तूच आहेस. बाबा बंदरातल्या टगबोटीवर नोकरीला असताना तुला पत्रं लिहायचे, ती असतील तर पाठव. आणि आपल्या खाडीकाठी अशी चालणारी माणसं कुठल्या कुठल्या घरात होती, तेही आठवून लिही. सरांना हवं आहे.

लोभ आहे तसा राहू दे, वाढला तर माझी हरकत नाही.

तुझी,
जागृती


मोरा,
१८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. जागृतीस,
पुतळाआत्याचे अ. उ. आ.

काल गणपती पाण्यात गेले, आज घर मोकळं झालं आणि लिहायला बसले. पाच गुण कापले आहेत. आणखी दोन दुसऱ्या कारणासाठी कापलेत, ते पुढे केव्हातरी सांगेन.

लेकीला बापाची बाजू घ्यावीशी वाटते, त्यात तुझं काही चुकलं नाही. पण कमळाकर माझा पाठचा भाऊ. त्याला बाराखडी मी शिकवली, पाटीवर त्याचा हात धरून. तो प्यायचा हे सगळ्या मोऱ्याला माहीत होतं. टगवरची नोकरी त्याच पायी गेली. मी त्याला देवीपुढे उभं करून दारू सोडायची शपथ घ्यायला लावली आणि त्याने ती मुकाट्याने घेतली. न पिणारा माणूस अशी शपथ कशाला घेईल, तूच सांग. शेवटी गेला तोही तसाच. भाऊबीजेच्या संध्याकाळी लाँचवरून उतरताना फळीवरून पडला, धक्क्याच्या दगडावर डोकं आपटलं. सणाच्या दिवशीसुद्धा ह्याला शुद्ध नव्हती, असं लोक माझ्या तोंडावर बोलले आणि मी खाली मान घालून ऐकून घेतलं.

पिताना पाहिलं का, हा तुझ्या डॉक्टरीणबाईंचा प्रश्न मात्र मला दोन दिवस चावत राहिला. मी पाहिलं नाही. म्हणून गोटीरामकडे गेले. लाँचवर दोर टाकायचा तोच तो, आता ओट्यावर बसून जाळी विणतो. तो म्हणाला, कमलाकर पितो असा समदे बोलत, पन त्याच्या तोंडाला वास मना कवाच आला नाय. मग तेव्हा का नाही बोललास म्हणून मी त्याच्यावर डाफरले. त्यावर म्हणतो कसा, बाय, तवा तुला सांगायची हिंमत कोनाची व्हती.

श्यामसुंदर सरांसाठी यादी सोबत आहे. पस्तीस वर्षं मास्तरीण होते, त्यामुळे कुठलं पोर कुणाचं आणि त्याची आजी कुठून आली हे मला तोंडपाठ आहे. अकरा घरं निघाली. एका घराला तर गाव डुलक्यांचं घर म्हणूनच ओळखतो. त्या घरात बापही डुलायचा, चुलताही आणि एक बाईसुद्धा. बाईबद्दल लोक काय बोलत ते मी लिहीत नाही.

कमळाकरची १९९७ पर्यंतची पत्रं पाठवते. शाळेच्या जुन्या हजेरीपुस्तकात घालून ठेवली होती. त्यानंतरची माझ्यापाशीच राहतील. का ते विचारू नकोस.

ऋषीरावांना आशीर्वाद. तुम्ही दोघं यंदा घरात पाळणा आणायचा विचार करताय असं तू मागे लिहिलं होतंस, माझं लक्ष तिकडे आहे.

म्हातारीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
पुतळाआत्या


वाशी,
२० ऑक्टोबर २०२४

ती. पुतळाआत्यास,
जागृतीचा सा. न. वि. वि.

पत्रं सुखरूप मिळाली. मॅडमनी ती तारखेप्रमाणे टेबलावर ओळीने मांडली. १९९३ पर्यंत बाबांची ओळ सुतात आहे. तू शिकवलेलं अक्षर, लगेच ओळखू येतं. १९९५ मध्ये वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन पडायला लागतात. १९९७ च्या पानावर जेमतेम सात ओळी मावल्या आहेत. मॅडम म्हणाल्या, पिणाऱ्याचं अक्षर रात्री बिघडतं आणि सकाळी सुधारतं. या चार वर्षांत हे अक्षर एकदाही सुधारलेलं नाही.

आत्या, बाबा पीत नव्हते. मी हे वाक्य ऋषीला म्हणून दाखवलं, मग आरशासमोर म्हटलं, आता तुला लिहिते आहे.

तुझ्या अकरा घरांपैकी आठ घरांनी रक्त दिलं. पाच घरांत तोच दोष सापडला, आणि तोही हुबेहूब एकसारखा. सर सांगतात, याचा अर्थ ही पाचही घरं खूप मागे, आठ-दहा पिढ्यांपूर्वी, एकाच माणसाला जाऊन मिळतात. बाई की बाप्या ते कळायला मार्ग नाही. मुलाला किंवा मुलीला हा आजार येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवावं तसं. नातेवाईक म्हणून माझंही रक्त घेतलं आहे, अहवालाला वेळ लागेल. तू काळजी करू नकोस. मी ठणठणीत आहे.

पट्टीनं मात्र सध्या वैताग आणला आहे. निरोगी माणसांच्या चालीही तुलनेला लागतात, म्हणून कंपनीतल्या वीसजणांना चालवलं. नावं न लिहिता नुसते नंबर दिले, म्हणजे मॅडमना कोण कोण ते कळू नये. त्यांनी कागद बघून चौदा नंबरवर खूण केली आणि या माणसाला भेटायला बोलवा म्हणाल्या. पट्टीत पत्र्यांखाली छोटे काटे बसवलेत, मला वाटतं त्यातला तिसऱ्या पत्र्याखालचा चुकतो आहे. दोनदा उघडून झाला. अजून एकदा बघते.

बाबांची नंतरची पत्रं हवीच आहेत. मॅडमनाही आणि मलाही.

तुझी माया माझ्या वाटणीची तशीच राखून ठेव.

तुझी,
जागृती


मोरा,
४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. जागृतीस,
पुतळाआत्याचे अ. उ. आ.

काल भाऊबीज झाली. तेवीस वर्षं मी ओवाळणीचं ताट काढलेलं नाही, कालही काढलं नाही. तुझं पत्र मात्र देवाजवळ ठेवलं होतं.

नंतरची पत्रं मी का देत नव्हते ते आता लिहिते. १९९८ च्या पावसाळ्यात कमळाकरचं एक पत्र आलं. वाशीलाच घरी बसलेला होता तेव्हा. चार ओळी, त्याही उताराला लागलेल्या, काही शब्द तर वाचताच येईनात. मला वाटलं, पिऊन लिहिलंय. मी शाळेतून नुकतीच आले होते, हातात लाल पेन होतं. त्या पेनाने मी त्याच्या पत्रावर शेरा मारला, शुद्धीवर असशील तेव्हा लिही, अक्षर गिरवून पाठव. आणि ते पत्र त्याला परत धाडलं. चाळीस वर्षांच्या माणसाला, जागृती. त्यानंतर त्याची चार पत्रं आली. पाकिटावरचं अक्षर बघूनच मी ती फोडली नाहीत. चारही इथे आहेत. शेवटच्यावरचा शिक्का तो गेला त्या भाऊबीजेच्या चार दिवस आधीचा आहे, म्हणून मला ते हातात घ्यायचीही भीती वाटते.

तू मला माफ कर असं म्हणणार नाही. ज्याच्याकडे माफी मागायची तो नाही.

आता ते दोन गुण. तुझं अक्षर मी घडवलंय, त्यामुळे मला चष्म्याशिवायही दिसतं. वर्षभर तुझी ओळ उजवीकडे वर चढते आहे. या पत्रात तर काने एकमेकांपासून फटकून उभे आहेत, आणि पूर्वी जिथे वीस ओळी बसायच्या तिथे तू चौदा लिहिल्यास. घाईत लिहिलं असेल म्हणून मी स्वतःची समजूत घातली. मग तुझ्या बाबाचं १९९५ चं पत्र आठवलं आणि मी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

चौदा नंबर कोण आहे, जागृती? काटा परत उघडू नकोस. मला खरं लिही.

तुझ्यावरच्या मायेत गुण कापायची सोय नाही, एवढं ध्यानात ठेव.

पुतळाआत्या


वाशी,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. पुतळाआत्यास,
सा. न. वि. वि.

चौदा नंबर मी आहे.

वीस माणसं पुरी होत नव्हती म्हणून मीच चप्पल काढून चालले. कागदावर खूण दिसली तेव्हा पहिला संशय मला पट्टीवरच आला. काटा चुकला तर तो उघडायचा, वीस किलोचं वजन ठेवून तपासायचा, हेच मी पंधरा वर्षं करत आले आहे. तीनदा उघडला, तीनदा वजन ठेवलं. तिन्ही वेळा त्याने बरोबर वीस दाखवलं. तिसऱ्या वेळी मी तिथेच जमिनीवर बसले. वॉचमन दत्तू पाणी घेऊन आला आणि मॅडम, मशीन खराब झाली काय, म्हणून विचारायला लागला. मी हो म्हणाले.

जिना उतरताना मी कठडा धरते हे मला माहीतच नव्हतं. ऋषीला माहीत होतं. आता विचारल्यावर सांगतो की दिवाळीच्या आधीपासून धरतेस. रक्ताचा अहवाल यायचा आहे, पण मॅडमच्या चेहऱ्यावरून मला कळायचं ते कळलं. बाळाचा विषय आम्ही घरात काढत नाही. ऋषी रोज काहीतरी निमित्त काढून माझ्याबरोबर जिना उतरतो आणि हात धरल्याचं दाखवत नाही.

लाल पेनाचं वाचून मला तुझा राग आला. दोन दिवस खूप आला. तुझं पत्र फाडायचं ठरवून उठले होते. तुला हे लिहिते आहे, कारण न लिहिता गोड बोलत राहिले तर ते तुला अक्षरावरून कळेलच. मग लक्षात आलं, तू निदान लांब होतीस. मी त्याच घरात होते आणि रस्ता ओलांडत होते. आपण दोघींनीही त्यांना तपासलं नाही, आणि तपासायचाच तुझाही धंदा आणि माझाही.

ती पत्रं फोड, आत्या. मला पाठवायच्या आधी तू वाच. ती तुझ्या नावाची आहेत.

जागृती


मोरा,
३० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. जागृतीस,
पुतळाआत्याचे अ. उ. आ.

तुझ्या रागाचं वाचलं. तो ठेव, फार लवकर टाकून देऊ नकोस.

काल गोटीरामला बोलावून समोर बसवलं आणि पत्रं फोडली. एकटीने माझ्याने झालं नसतं.

पहिल्या दोन पाकिटांत पत्र नाहीच. वहीची पानं आहेत, दुरेघी, आणि त्यावर बाराखडी गिरवलेली. क का कि की, पानभर, परत तेच, पाठपोट. मी लिहिलं होतं ना, अक्षर गिरवून पाठव. त्याने पाठवलं. एका पानाखाली लिहिलंय, बाय, इतकंच जमतंय, तपासून बघ. गोटीरामने ते पान हातात घेतलं आणि तो उठून अंगणात गेला.

तिसरं पत्र तुझ्याबद्दल आहे. जागृतीचं अक्षर तुझ्यावर गेलंय, ती माझ्यावर गेली नाही हे बरं झालं, असं लिहितो. मी हे तुला लिहायचं की नाही याचा विचार केला. पण आता तुझ्यापासून काही राखून ठेवायचं नाही असं ठरवलंय.

चौथं पत्र इथे जसंच्या तसं उतरवते. अक्षर लागायला मला तासभर गेला.

बाय, भाऊबीजेला येतो. बसची पायरी चढवत नाही, लाँचने येतो, लाँचवरची पोरं ओळखीची आहेत. संध्याकाळी ओहोटी असेल, फळी टाकतील. फळीवर पाय माझं ऐकत नाहीत. तू धक्क्यावर ये आणि हात दे. पीत नाही हे सांगून सांगून थकलो, आता सांगत नाही. हात तेवढा दे. कमळाकर.

भाऊबीजेच्या त्या संध्याकाळी मी घरातच होते. धक्का माझ्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. मी सांजवात लावत होते आणि बाहेर ओरडा झाला. पाकीट तेव्हा घरातल्या मांडणीवर, हजेरीपुस्तकात होतं.

देवीपुढची शपथ त्याने का घेतली तेही आता समजलं. मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून निदान शपथेवर तरी ठेवेन असं त्याला वाटलं असणार. मी त्यावरही ठेवला नाही.

डुलक्यांच्या घरी जाऊन आले. तिथल्या म्हातारीला सगळं नीट समजावून सांगितलं, तुझा नवरा पीत नव्हता, तो आजार होता, रक्तात दिसतो. ती म्हणाली, मी त्याला चाळीस वर्सां शिव्या दिल्यान ग. उरलेल्या घरांतही मीच जाणार आहे. तुझ्या सरांना कळव की ज्या तीन घरांनी रक्त दिलं नव्हतं, ती आता देतील.

अहवाल आला की कळव. जसा असेल तसा.

तुझी,
पुतळाआत्या


वाशी,
६ मार्च २०२५

ती. पुतळाआत्यास,
जागृतीचा सा. न. वि. वि.

तीन महिने लिहिलं नाही. तुझी पाच पत्रं आली, सगळी वाचली.

अहवाल आला. आहे. बाबांचाच.

औषध नाही. व्यायाम आहे, आणि पुष्कळ वर्षं हिंडता-फिरता येईल असं मॅडम सांगतात. मूल हवं असेल तर त्याच्यात हा दोष येऊ नये म्हणून आधी तपासणी करता येते, तेही त्यांनी समजावलं. ऋषी सगळं वहीत लिहून घेतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी पट्टीवरून चालते. नंबर चौदाच ठेवला आहे. दत्तूला खरं काय ते सांगितलं, तेव्हापासून तो आधी पट्टी पुसून ठेवतो.

हे पत्र कॉम्प्युटरवर लिहिणार होते. पहिला कागद छापलाही, अगदी नीटनेटका. मग टाकून दिला. हे वाचायला तुला वेळ लागेल. तरी हातानेच लिहिलं.

होळी झाली की येते. रविवारी, सोळा तारखेला. ऋषी गाडीने सोडतो म्हणत होता, पण मला लाँचनेच यायचं आहे. तो सोबत असेल, तरी फळीवर त्याला मागे राहायला सांगितलं आहे. साडेपाचच्या सुमाराला मोऱ्याला लागेल.

तू धक्क्यावर ये.

जागृती


मोरा,
१० मार्च २०२५

चि. सौ. जागृतीस,
पुतळाआत्याचे अ. उ. आ.

पत्र आलं. पोस्टमन सायकल वळवत होता तोवर दारातच उभी राहून फोडलं. वाचायला वेळ लागला नाही, शब्द न् शब्द लागला. या पत्रापासून गुण देणं बंद केलंय.

खूप रडले, ते झालं. आता कामाचं लिहिते. सोळा तारखेला द्वितीया आहे, म्हणजे पाणी भाऊबीजेला असतं तेवढंच खाली असणार आणि फळी टाकतीलच. लाँचवाल्यांना गोटीराम सांगून ठेवेल. तो फळीच्या एका बाजूला उभा राहील, दुसऱ्या बाजूला मी. गुडघे दुखतात, पण दगडावर घट्ट उभं राहता येतं, कालच जाऊन उभी राहून बघितलं. ओवाळणीचं ताट घासून ठेवलंय. तू भाऊ नाहीस, पण कमळाकरच्या बाजूने तुलाच बसावं लागेल.

लाँच साडेपाचला येते. मी तीनपासून धक्क्यावर आहे.

तुझी,
पुतळाआत्या